तीन नंबरची बशी

आमच्या घरात बशीतलं काहीही विचारल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही, असा नियम आहे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. एकदा मैत्रिणीच्या आईनं माझ्यापुढे बिस्किटांची बशी ठेवली तेव्हा मी गंभीरपणे विचारलं होतं, "यात काय काय घातलंय?" ती बाई मला अजून रस्त्यात दिसली तर तोंड फिरवते.

बाबा शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. ते निवृत्त झाले, पण रसायनशास्त्र काही निवृत्त झालं नाही. ते त्यांच्यामागून घरी आलं आणि मधल्या खोलीतल्या कपाटात राहायला लागलं. परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा, लिटमसच्या पट्ट्या, आयोडीनची तपकिरी बाटली, झालंच तर बुचाच्या डझनभर कुप्या. मला त्यातलं काही जमलं नाही. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मी परमँगनेटचं जांभळं द्रावण स्वतःच्या नव्या कोऱ्या ड्रेसवर ओतून घेतलं आणि तो डाग काढता काढता मला माझा धंदा सापडला. खालच्या मजल्यावर माझी लाँड्री आहे. वर आम्ही राहतो. आम्ही म्हणजे आई, बाबा, मी आणि माझी लेक. नवरा बदलीच्या गावी असतो आणि सुट्टीला आला की इस्त्रीचे कपडे घेऊन परत जातो.

लेकीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसेल तर शपथ. तिची प्रात्यक्षिकाची परीक्षा तोंडावर आली होती. परीक्षेत एक पांढरी पूड देतात आणि ती कशाची आहे ते चाचण्या करून ओळखायचं असतं. बाबांना तर मेजवानीच. रोज संध्याकाळी ते मधल्या खोलीत टेबलावर पाच बशा मांडायचे, प्रत्येकीपुढे खडूनं एक ते पाच आकडा घालायचे आणि पाचही बशांत घरातल्याच पांढऱ्या पावडरी. भिंगरीनं ओळखायच्या. कुठल्या बशीत काय, हे ते कुठेही लिहून ठेवत नसत. "लिहिलं की पोरं कागद शोधतात," असं त्यांचं म्हणणं. उत्तरं त्यांच्या डोक्यात. पावडरी आईकडूनच मागून न्यायच्या, म्हणून आईला मात्र ते दुपारीच सगळं सांगून टाकत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी बाबा दुकानात आले. म्हणाले, "तुझ्या त्या गंजाच्या डागांच्या पावडरीतली चमचाभर दे. सगळ्या बशा गरीब गाईसारख्या झाल्यात. एखादी मारकी हवी."

गंजाचे डाग काढायची आमची पावडर म्हणजे ऑक्झॅलिक आम्ल. दिसायला मिठासारखी, पण विष. पांढऱ्या शर्टावर वापरतानासुद्धा मी हातमोजे घालते आणि डबा वरच्या फळीवर ठेवते. तरी मी दिली. कागदाची पुडी केली, वर दुकानाचं लाल लेबल लावून पिन मारली आणि म्हटलं, "बाबा, हे स्वयंपाकघराच्या आसपास न्यायचं नाही."

"तू मला शिकवतेस?" असं म्हणून त्यांनी पुडी शर्टाच्या खिशात टाकली आणि गेले. मी पुन्हा इस्त्री हातात घेतली.

संध्याकाळी दुकान कारागिरावर सोडून वर आले. चपला काढतेय तोच आतून भिंगरीची किंकाळी आली.

"आजी! एक बशी कुठाय? काय प्यायलीस तू?"

मी धावले. मधल्या खोलीत टेबलापाशी आई उभी. तिच्या हातात पेला, तोही रिकामा. टेबलावर पाच आकडे आणि चारच बशा.

"ओरडायला काय झालं?" आई म्हणाली. "पोटात जळजळत होतं. सोडा दिसला, घेतला पाण्यात घालून."

"कुठल्या बशीतला?"

"तीन नंबरच्या."

तेवढ्यात बाबा हात पुसत बाथरूममधून आले. भिंगरीनं त्यांना विचारलं, "आजोबा, तीन नंबरला काय होतं?"

"आत्ताच कसं सांगू? आधी चाचण्या कर."

"आजोबा, तीन नंबर आजी प्यायलीय!"

बाबांचा चेहरा असा पांढरा झाला, की मला उत्तर ऐकायची गरजच उरली नाही. तरी ते बोलले, अगदी स्पष्ट, वर्गात बोलावं तसं. "एकात मक्याचं पीठ. दोनात पिठीसाखर. तीनमध्ये हिच्या दुकानातली गंजाची पावडर. चारात खायचा सोडा. पाचात मीठ."

दिली कोणी होती ती पावडर? मी. माझ्या हातानं, वर लेबल लावून.

"काही नाही गं," आई म्हणाली. "सोडाच होता तो."

"सोडा चारमध्ये आहे," बाबा म्हणाले. "मी स्वतः घातलाय."

"बशी कुठाय? पेला दाखव!" मी आईच्या हातातून पेला ओढला. धुतलेला. लख्ख. बशीही मोरीत धुऊन पालथी घातलेली. आमच्या घरात उष्टं भांडं क्षणभरही पडून राहत नाही. रसायनांच्या माणसाशी संसार केलेल्या बाईची ती सवय आहे, आणि त्या क्षणी मला त्या सवयीचा असा संताप आला, की पेला आपटावासा वाटला.

मी हॉस्पिटलला फोन लावला. ड्युटीवरच्या डॉक्टरनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, उलटी काढू नका, दूध पाजा आणि लगेच घेऊन या. मग विचारलं, "पण नक्की तेच घेतलंय ना? खात्री आहे?"

खात्री. त्या शब्दानं माझं डोकंच फिरलं. खात्री असती तर मी फोनवर बोलत उभी राहिले असते का? टॅक्सीला फोन केला. टॅक्सीवाला म्हणाला, पुलावर गर्दी आहे, जरा वेळ लागेल. भिंगरीनं आजीला खुर्चीत बसवलं आणि दुधाचा पेला तिच्या तोंडाला लावला. आई बिचारी निमूट घोट घोट प्यायला लागली. तिला दूध मुळीच आवडत नाही.

"आई, घशात जळतंय का? चव कशी होती? आंबट होती?"

"सोड्यासारखी होती गं बाई. किती वेळा सांगू?"

"आई, घाबरून काहीतरी बोलू नकोस."

"मी कुठे घाबरलेय? घाबरलायत तुम्ही."

ते खरंच होतं. घरात एकटी तीच स्वस्थ बसलेली होती, आणि मला वाटलं, तिला अजून कळलेलंच नाही, काय झालंय ते.

"मम्मी," भिंगरी म्हणाली, "उरलेल्या चार बशा तपासू या. सोडा या चारांत निघाला नाही, तर आजी म्हणते ते खरं. ती पावडर या चारांत निघाली, तरी आजी सुटली."

टॅक्सी येईपर्यंत नुसतं दाराकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं. बाबा कपाटापाशी गेले आणि त्यांनी एकेक वस्तू काढून तिच्यापुढे ठेवली. काचेचा जरासुद्धा आवाज झाला नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात मागणं मागितलं, की आज बाबा चुकू देत.

भिंगरीनं पहिल्या बशीत आयोडीनचा थेंब टाकला. पूड क्षणात निळी-काळी झाली. मक्याचं पीठ. बाबांचं बरोबर.

दुसऱ्या बशीतली चिमूट तिनं चमच्यात घेऊन दिव्यावर धरली. ती वितळली, तांबूस झाली, मग काळी पडून फुगली आणि खोलीभर जळक्या साखरेचा वास सुटला. बाबांचं बरोबर.

मग ती चौथ्या बशीकडे वळली. इथे सगळं ठरणार होतं. तिनं व्हिनेगरची बाटली तिरकी केली. मी टेबलाची कड धरून ठेवली होती. फसफसू नको, फसफसू नको, असं मी त्या बशीला विनवत होते. थेंब पडला आणि पूड फसफसून वर आली, बशीच्या काठापर्यंत.

"सोडा," भिंगरी हळूच म्हणाली.

शाळेत असते तर तिला शाबासकी मिळाली असती. इथे आईनं मोठ्ठा ढेकर दिला.

"ऐका!" भिंगरी ओरडली. "ढेकर आला! सोड्यानंच येतो ना? आजोबा, चुन्याची निवळी काढा, त्यात सोडू या हा वायू. दुधाळ झाली तर सोडा!"

"नुसत्या श्वासानंही दुधाळ होते," बाबा म्हणाले. "आणि ढेकर दुधानंही येतो. ही चाचणी धरता येत नाही." बायकोचा जीव टांगणीला लागलेला असतानाही त्यांनी नातीला खोटी चाचणी करू दिली नाही. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी अभिमानही वाटला.

उरली पाचवी बशी. मीठ, असं बाबांनी सांगितलं होतं. पण मीठ आणि ती पावडर सारखीच दिसते. बाबांनी दोन बशांची अदलाबदल केली असेल, तर पावडर इथे असेल आणि आईच्या पोटात नुसतं मीठ गेलं असेल. भिंगरीनं चिमूटभर पूड पाण्यात विरघळवली आणि निळ्या लिटमसची पट्टी बुडवली. आम्ही तिघंही त्या पट्टीवर वाकलो. लाल हो, लाल हो. आम्ल असतं तर ती लालच झाली असती.

पट्टी निळीच राहिली. भिंगरीनं दुसरी पट्टी घेतली, बोटं पुसून पुन्हा बुडवली. तीही निळी.

चार बशा, चारही उत्तरं बाबांनी सांगितली तशीच. एकही चूक नाही. म्हणजे तीन नंबरचंही बरोबर. हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, हेच तर बाबांनी आम्हा मायलेकींना आयुष्यभर शिकवलं होतं. भिंगरी रडायला लागली. मी तिच्यावर खेकसले, कारण ती थांबली नसती तर मीही सुरू झाले असते.

बाबा आईच्या खुर्चीशेजारी खाली जमिनीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी जमिनीवर बसत नाहीत. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि नाडी मोजायला लागले. "मी घरात आणलं," ते म्हणाले. "मी आणलं हे."

"तुम्ही काही केलेलं नाही," आई म्हणाली. "उठा आधी. फरशी गार आहे."

खाली हॉर्न वाजला. टॅक्सी आली होती.

"बाबा, शर्ट बदला, चला," मी म्हटलं. ते घरातल्या गंजीफ्रॉकवर होते. ते उठेनात, म्हणून मीच खुंटीवरचा त्यांचा सकाळचा शर्ट ओढला. माझी सवय आहे, शर्ट हातात आला की आधी खिसे चाचपायचे. गिऱ्हाईकं खिशात काय काय ठेवतात ते मला विचारा. माझी बोटं खिशात गेली आणि कागदाला लागली.

लाल लेबल. पिन. पुडी जशी मी दिली होती तशीच्या तशी, न उघडलेली.

मी ती नुसती सगळ्यांपुढे धरली. भिंगरीनं झडप घातली, पिन काढली, चिमूटभर पूड पाण्यात टाकून लिटमस बुडवलं. पट्टी लालभडक. तरी तिचं समाधान नाही. तिनं परमँगनेटचं जांभळं द्रावण कोमट केलं आणि त्यात ते पाणी सोडलं. जांभळा रंग फिका होत होत पार नाहीसा झाला.

"हीच ती!" ती म्हणाली. "आणि ही उघडलेलीच नव्हती! आजी, तू हे प्यायलीच नाहीस!"

माझ्या जिवात जीव आला. मी आईच्या गळ्यात पडले. ती "अगं, दूध सांडेल," असं म्हणत राहिली. भिंगरी टॅक्सीवाल्याला परत पाठवायला खाली पळाली. मी हॉस्पिटलला फोन करून कळवलं. डॉक्टर म्हणाला, छान, पण काही वाटलंच तर या.

फोन ठेवून वळले तर बाबा टेबलापाशी उभे होते. एका हातात ती पुडी, डोळे तिसऱ्या आकड्यावर.

"मग तीनमध्ये काय होतं?" ते म्हणाले.

त्यांनी खडूच्या तीनवर बोट ठेवलं.

"मी घातलं होतं. मला आठवतंय ना. पुडी उघडली, बशीत ओतली." त्यांनी पुडीकडे पाहिलं. "पिन मीच काढली होती."

त्यांच्या आवाजात असं काहीतरी होतं, की मला पुन्हा भीती वाटली. ही मघाची नव्हती. हिला कुठल्याही हॉस्पिटलचा नंबर नव्हता.

"सोडा होता तीनमध्ये," आई पटकन म्हणाली. "मीच घातला. टेबल पुसायला आले तर बशी रिकामी दिसली. म्हटलं, भरायची राहिली असेल, टाकला चमचाभर. आणि मग जळजळलं तेव्हा तोच घेतला. सांगायचं राहून गेलं बघा."

मी बाबांकडे पाहिलं. पोरांनी उत्तर आधी ठरवून मागून निरीक्षणं रचली, तर या माणसाला ती पान उघडताक्षणी कळत. आणि आईच्या बोलण्यात तर भोकंच भोकं होती. तिनं या टेबलावरच्या बशीला कधी हात लावला होता? आणि हे तिनं पहिल्याच मिनिटाला का नाही सांगितलं?

"असं होय," बाबा म्हणाले. त्यांचे खांदे सैल पडले. "मग बरोबर. अगं, सांगायचंस ना! उगाच सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलंस." आणि ते हसले सुद्धा.

त्यांनी ते मानलं.

आई पेला घेऊन स्वयंपाकघरात गेली. मी तिच्यामागून गेले आणि दार लोटून घेतलं.

"खरं सांग."

ती पेला धूत राहिली. मग नळ तसाच चालू ठेवून, बाहेर ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलली. "दुपारी सोडा न्यायला आले. मी दिला. थोड्या वेळानं पुन्हा आले, पुन्हा सोडा मागितला, मी पुन्हा दिला. काय म्हणणार? मघाशी नेलात असं म्हणू?"

"कधीपासून चाललंय हे?"

"झाले काही महिने. कधी साखरेच्या जागी मीठ घालतात, कधी एकच वस्तू दोनदा. मला दुपारी उत्तरं सांगतात ना, मग ते तोंड धुवायला गेले की मी बशा बघून घेते. चुकलं असेल ते बदलते. पोरीपुढे त्यांचं उत्तर खोटं पडायला नको." तिनं पेला पालथा घातला. "आज बदलता येईना. तुझी ती पावडर मी कुठून आणू? मग तीन नंबर संपवूनच टाकला. तेवढ्यात ही आली."

"आणि आम्ही मरायला टेकलो होतो, तेव्हा तरी बोलायचंस!"

"त्यांच्यासमोर?"

"तू हॉस्पिटलला निघाली होतीस, आई!"

"आले असते जाऊन. सोड्यानं काय होतंय मला?"

मी तिथल्या स्टुलावर बसले. डोकं चालेनासं झालं होतं, तरी एक गोष्ट मनात राहून राहून टोचत होती. "तू बशा बघतेस म्हणजे काय करतेस? पांढरी पूड नुसती बघून कशी ओळखतेस? तुला लिटमस येतं?"

"मला कुठलं येतंय? जिभेला लावून बघते."

"आणि आज? तीनमध्ये विष घातलंय, असं त्यांनी तुला दुपारी सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं ना."

"तरी तू जीभ लावलीस?"

"नुसतं टोक लावलं," आई म्हणाली. "नाहीतर कळणार कसं?"

मला रडू आलं, आणि ते मी या वेळी आवरलं नाही. आईनं ओल्या हातांनीच माझं डोकं पोटाशी धरलं. एवढी वर्षं मला वाटत होतं, या घरात एकच शास्त्रज्ञ आहे आणि एक बाई त्याला चमचाभर सोडा, चमचाभर साखर देत असते.

मधल्या खोलीतून काचेचा, बशांचा आवाज यायला लागला. भिंगरी परत आली होती आणि बाबांना पुन्हा हुरूप चढला होता. उद्या पोरीची परीक्षा, असं अर्धवट सोडून कसं चालेल? ते डबे उघडत होते, खडू शोधत होते, स्वतःशी गुणगुणत होते.

भिंगरीला बाहेर पाठवून ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "अगं ए!" त्यांनी हलक्या आवाजात आईला हाक मारली. "पुन्हा मांडल्यात हं. एकात सोडा, दोनात मीठ, तीनात साखर, चारात पीठ, पाचात पोरीच्या दुकानातली पावडर. मी जरा हात धुऊन येतो."

आईनं पदराला हात पुसले आणि ती निघाली.

मी तिचा दंड धरून तिला स्टुलावर बसवलं. मधल्या खोलीत गेले. बाथरूमचा नळ वाजत होता. पाचव्या बशीशेजारी पुडी उलगडून पडली होती आणि ती रिकामी होती. मी आधी निळ्या लिटमसची पट्टी ओली करून पाचव्या बशीत टेकवली. पट्टी निळीच राहिली. मग पहिल्या बशीत, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या.

तिसऱ्या बशीत पट्टी लाल झाली. साखर म्हणून आई जिला जीभ लावणार होती, ती.

मी तिसऱ्या आणि पाचव्या बशीची अदलाबदल केली, खडूचे आकडे तसेच ठेवले आणि बाबा येताना दिसले तेव्हा भिंगरीला आत बोलावलं.